चिक आणि छिटाचा पडदा

सोनाळ्याच्या बाजाररस्त्यावर पुंजाजींचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा गावातली माणसं घर पाहायला म्हणून आली आणि खिडक्या पाहून गेली. तोवर गावात खिडकी म्हणजे भिंतीत उंचावर ठेवलेलं हातभर भोक. धूर जावा, सकाळी थोडा उजेड यावा, एवढंच तिचं काम. पुंजाजींच्या बैठकीला मात्र रस्त्याच्या अंगानं दोन अशा खिडक्या होत्या, की सतरंजीवर मांडी घालून बसलं तरी समोरचा रस्ता दिसावा आणि उभं राहिलं तरी डोक्यावर वीतभर जागा उरावी.

हा हट्ट वामनरावचा, म्हणजे पुंजाजींच्या मुलाचा. शेतीचं प्रदर्शन पाहायला तो नागपूरला गेला होता. तिथे काही कामानं एका साहेबाच्या बंगल्यात त्याला जावं लागलं, आणि त्या बंगल्याच्या खिडक्या त्याच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. पुंजाजी गावातले मोठे कास्तकार. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. मुलानं मातीत काडीनं खिडकी काढून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काढ. पन थे झाकाले काय लावशीन, थे बी पाह्यजो."

तेवढंच पाहायचं राहून गेलं होतं.

घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून कोकिळा बैठक झाडायला आली आणि झाडणी हातात धरून खिडकीत उभी राहिली. कोकिळा बुलढाण्याची, लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. जुन्या घरात तिची जागा मागच्या अंगाला, चुलीपाशी नाहीतर विहिरीपाशी. गाव तिनं पाहिलं होतं ते पदर पुढे ओढून, जमिनीकडे नजर ठेवून, देवळापर्यंत आणि वावरापर्यंत. गावातल्या पुष्कळ माणसांना ती चपलांवरून ओळखायची. आता एकाएकी अख्खा रस्ता तिच्यासमोर आला होता. कडब्यानं भरलेली गाडी, पाण्याला निघालेल्या बाया, भिंतीवर वाळत घातलेली लाल गोधडी आणि घरांच्या वर सातपुड्याची निळी रेघ. एवढं सगळं रोज इथेच होतं आणि आपण तिकडे राख काढत बसलो होतो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवानानं मान वर केली आणि तो थेट तिच्याकडे पाहत राहिला. बैल पुढे गेले तरी त्याची मान मागेच.

"सूनबाई," पाठीमागून सासूचा आवाज आला. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. "थ्या झडपा लाव."

झडपा लागल्या. मग त्या उघडल्याच नाहीत. नवी कोरी बैठक भरदिवसा कोठीसारखी काळोखी झाली, पाहुणा आला की दिवा लावावा लागे, आणि वामनरावचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं. शेवटी एका रात्री जेवताना त्यानं विषय काढलाच.

"पडदे लावू. बंगल्यात तेच असते. छिटाचे, फुलाफुलाचे, वरून पितळी कड्या."

"जाड पायजे पन," सुभद्राबाई म्हणाल्या. "आतलं मानूस दिसलं नाई पायजे."

पुंजाजींनी मान हलवली. कोकिळा भाकरी वाढत होती. तिला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कापडाचे नमुने मागायला सुभद्राबाईंनी तिलाच अब्दुल गनींच्या घरी पाठवलं. अब्दुल गनींचं कापडाचं दुकान चार घरं पलीकडे होतं आणि दुकानाला लागूनच घर. त्यांची बायको सरवरी पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती.

"आ, सूनबाई, बैठ. थे दुकानातून गठ्ठा आनतील, तवरिक बस जराशी."

कोकिळा बसली आणि मग तिच्या लक्षात आलं, की खोलीला दार आहे, दाराला रस्ता आहे, आणि तरी सरवरीचा पदर खांद्यावर आहे. दारावर बांबूच्या बारीक काड्यांची चिक सोडलेली होती. काड्या सुतळीनं एकमेकींना गुंफलेल्या, कडेला हिरव्या कापडाची पट्टी. बाहेरून येताना कोकिळेला ती नुसती पिवळट चटई दिसली होती. आतून मात्र रस्ता स्वच्छ दिसत होता, फक्त बारीक रेघा मारल्यासारखा. वारा येत होता. सरवरीच्या हातातलं सूप सुद्धा उजेडात होतं.

"भाभी, बाहेरून दिसत नाई आपन?"

"येताना मी दिसली का तुले?"

नव्हती दिसली. कोकिळा चिकेच्या जवळ सरकली. आणि नेमके त्याच वेळी रस्त्यानं पुंजाजी आले. तिचा हात आपोआप पदराकडे गेला, पण पुंजाजी चिकेपासून दोन हातांवर येऊन थांबले तरी त्यांना काही कळलं नाही. त्यांनी रस्त्याच्या एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला पाहिलं, उपरण्याच्या गाठीतून एक रेवडी काढली, पटकन तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत उभे राहिले. दाढ दुखते म्हणून घरात गोड बंद करून महिना झाला होता. सणाचा शिरा सुद्धा त्यांनी ताटातून बाजूला सारला होता.

पुंजाजी मिशा पुसून पुढे गेले. सरवरीनं तोंडात पदर कोंबला होता. "रोज इथंच खातेत," ती कशीबशी म्हणाली.

कोकिळा नमुन्यांचा गठ्ठा घेऊन घरी आली ती जवळजवळ पळतच. त्या रात्री जेवताना ती बोलली. "मामाजी, पडद्यानं बैठक अंधारीच राहीन. सरवरीभाभीच्या घरी चिक हाय. हवा येते, उजेड येते, आन् बाहेरून काईच दिसत नाई."

"बांबूची चटई लावतेत का बैठकीले?" वामनराव म्हणाला. "नागपूरवाले हासतीन."

"नागपूरवाले येऊन राह्यले का इथं?" सुभद्राबाईंनी विचारलं, पण लगेच सुनेकडे वळल्या. "तरी पन पडदाच बरा. काड्यामधून कोनी डोकावलं म्हंजे?"

पुंजाजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "खिडक्या दोन हायेत. एकीले हे लावा, एकीले थे लावा. कोजागिरीपर्यंत पाहू. मंग ठरवू."

पुढचे दिवस कोकिळेला उत्सवासारखे गेले. सोनाळ्याला बांबूचा तोटा नव्हता, डोंगर पाठीशीच होता. कारभारी बुरूड ओट्यावर बसून काड्या तासायला लागला आणि कोकिळा येता-जाता दारातून पाहायची. कडेच्या पट्टीसाठी तिनं आपल्या लग्नातल्या लाल खणाचा तुकडा काढून दिला. सुभद्राबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि बुरुडापुढे ठेवला. दुसऱ्या खिडकीसाठी वामनरावनं अब्दुल गनींच्या दुकानातून निळ्या छिटाचं कापड आणलं, त्यावर मोठाली पिवळी फुलं. शिंप्यानं पडदा शिवला, लोहारानं सळई ठोकली, पितळी कड्या खळखळ वाजत सरकल्या. वामनराव रस्त्यावर जाऊन उभा राहिला, मागे गेला, पुढे आला, डोळे बारीक करून पाहिलं. पडदा खरंच सुंदर दिसत होता. तसं कोकिळेनंही मनात मान्य केलं, आणि आता चिक हरते की काय अशी तिला थोडी भीतीच वाटली.

पण पडदा आतून कोणी पाहत नाही. आत बसायचं तर दोन-तीन तासांत पडद्याच्या बाजूला वारा नसल्यानं उकडायला लागायचं, आणि माणसं आपोआप सरकत सरकत चिकेच्या बाजूला यायची. पुंजाजींकडे आलेले पाहुणे सुद्धा. वामनराव एकटा हट्टानं पडद्यापाशी बसायचा आणि उपरण्यानं वारा घ्यायचा.

बाजाराच्या दिवशी तर गंमतच झाली. कोकिळा सकाळीच सगळी कामं उरकून, डाळ निवडायचं निमित्त करून चिकेपाशी बसली. डोंगरातून मध, डिंक, मोळ्या घेऊन माणसं आली. बांगड्यावाल्यानं पेटी उघडली. दोन म्हशींचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून झाला आणि मोडला आणि पुन्हा झाला. एक नवरी मुलगी माहेरी चालली होती आणि तिच्या हातातल्या पिशवीतून कोंबडीचं पिल्लू मान काढून बघत होतं. कोकिळा एकटीच हसत होती.

"काय व, काऊन हासून राह्यली?" सुभद्राबाई आत आल्या.

"काई नाई, आत्याबाई. थे पाहा नं, म्हशीवाला पयलेच्याच भावात परत आला."

"कुठं?" सुभद्राबाई वाकल्या. मग बसल्या. मग त्यांनी डाळीचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, म्हणजे बसायला निमित्त झालं. "हा तर शालूचा दीर. अन् हा कोन, लंगडून राह्यला?" त्या ह्या गावात सून होऊन आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली होती. बाजाराला त्या कित्येकदा गेल्या होत्या, पण घासाघीस करत, पोरांना सांभाळत, लवकर परतायच्या घाईत. बाजार पाहायचा म्हणून कधी पाहिला नव्हता. डाळ निवडायची तशीच राहिली. त्या एकेका माणसाकडे पाहत होत्या आणि हळूच त्याची नक्कल करत होत्या. तोंड जरा वाकडं, खांदा जरा वर, आवाज घशात, आणि तो माणूस समोर उभा. कोकिळेचा विश्वास बसेना. ह्याच का त्या सासूबाई, ज्यांनी झडपा लावायला लावल्या होत्या?

"आत्याबाई, तुमाले हे कुठून येते?"

"माहेरी भुलाबाईच्या सणाले सोंगं करत होतो आमी," सुभद्राबाई म्हणाल्या. "इकडं आल्यावर कोनासमोर करता?"

मग कोकिळेनं त्यांना रेवडीची गोष्ट सांगितली. सुभद्राबाईंनी ऐकली, पुन्हा सांगायला लावली, पुंजाजींनी मान आधी कुठल्या बाजूला वळवली ते विचारून घेतलं, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

भाद्रपदातली पौर्णिमा होऊन गेली होती आणि घरोघरी भुलाबाई बसल्या होत्या. संध्याकाळ झाली की मुलींचे घोळके ह्या घरातून त्या घरात फिरायचे, मातीच्या भुलोजी-भुलाबाईंपुढे टिपऱ्या धरून गाणी म्हणायचे, डबा हलवून खिरापत ओळखायचे. पुंजाजींच्या घरची पाळी आली तेव्हा नवं घर म्हणून पोरींबरोबर बायाही झाडून आल्या. सरवरी आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आली होती. वामनरावनं घरभरणीसाठी आणलेली गॅसबत्ती बैठकीच्या आढ्याला टांगून पेटवून दिली आणि पुरुषमाणसं आपापली बाहेर निघून गेली. असा पांढराशुभ्र उजेड गावातल्या बायांनी लग्नाच्या वरातीखेरीज पाहिला नव्हता.

गाणी झाली. खिरापत ओळखली गेली. मग कोणीतरी म्हणालं, "सुभद्राबाई, माहेरचं एखादं सोंग होऊन जाऊ दे." बाईंनी आधी नाही म्हटलं. मग खिडक्यांकडे पाहिलं. एका खिडकीवर पडदा ओढलेला, दुसरीवर चिक सोडलेली. घर आपलं, बाया आपल्या, बाहेरून दिसत नाही. त्या आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा लुगड्यावरून धोतर गुंडाळलेलं, डोक्यावर पुंजाजींचा फेटा, खांद्यावर उपरणं, हातात काठी. बायांत एकच कल्लोळ उठला.

लहान मुली पेंगायला लागल्या होत्या. कोकिळेला जायचं मुळीच मन नव्हतं, पण त्यांना घरी सोडणं भाग होतं. मागच्या दारानं बाहेर पडून ती बोळातून त्यांना घेऊन गेली, घरोघरी सोडलं आणि लवकर परतावं म्हणून पुढच्या रस्त्यानं आली. वळणावरच ती थबकली.

रस्ता माणसांनी भरला होता. कोणी उभं, कोणी गाडीच्या जुवावर, कोणी समोरच्या ओट्यावर. आणि एवढी माणसं असून चिडीचूप. सगळ्यांची तोंडं एका बाजूला. कोकिळेनं तिकडे पाहिलं. पडद्याच्या खिडकीत नुसत्या सावल्या हलत होत्या. पण चिकेच्या खिडकीत चिकच राहिली नव्हती. आत तो पांढरा उजेड, बाहेर अंधार, आणि काड्या जणू विरघळून गेलेल्या. बैठक उंच जोत्यावर, त्यामुळे एखाद्या रंगमंचासारखी सगळी बैठक समोर मांडलेली. मधोमध तिची सासू, फेटा बांधून, काठी टेकत चालत होती. हुबेहूब पुंजाजी.

दिवसा जे आतून होतं ते रात्री बाहेरून झालं होतं. सरवरीच्या घरी पुढच्या खोलीत संध्याकाळी चिमणीसुद्धा लावत नसत, म्हणून हे कोणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

ती धावणार तोच तिला गर्दीच्या पुढे, दोन्ही हात काठीवर ठेवून उभे असलेले पुंजाजी दिसले. म्हणून गाव गप्प होतं. पुंजाजींसमोर पुंजाजींना हसायची कोणाची छाती होती?

कोकिळा त्यांच्याजवळ गेली. "मामाजी, मी जाऊन बत्ती विझवतो."

"थांब," पुंजाजी नजर न हलवता म्हणाले.

आत सुभद्राबाईंनी सोंगातल्या पाहुण्याला नकार दिला. एक शब्द न बोलता, नुसता तांब्या खाली ठेवून. बाया लोळत होत्या.

"मी असा चालतो का व?" पुंजाजींनी हळू आवाजात विचारलं.

"हाव," कोकिळा म्हणाली.

आत सुभद्राबाई चालता चालता थांबल्या. त्यांनी जणू रस्त्यात उभं असल्यासारखं एका टोकाला पाहिलं. मग दुसऱ्या टोकाला पाहिलं. उपरण्याच्या गाठीतून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"हे कोनं पाह्यलं?" पुंजाजींचा आवाज बदलला होता.

"चिकेतून दिसलं, मामाजी. सरवरीभाभीच्या."

पुंजाजींचे खांदे हलायला लागले. आधी कोकिळेला वाटलं, खोकला आला. मग त्यांच्या घशातून एक चमत्कारिक, गंजलेला आवाज निघाला, आणि तो वाढत गेला, आणि कोकिळेनं ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याला हसताना ऐकलं. ते हसले आणि बांध फुटल्यासारखा अख्खा रस्ता हसला. कोणी मांडीवर थापा मारल्या, कोणी जुवावरून खाली घसरलं.

आतल्या बाया जागच्या जागी थिजल्या. मग किंकाळ्या, पळापळ, मागच्या दाराकडे एकच झुंबड. बैठकीत एकट्या सुभद्राबाई उरल्या. त्या चिकेजवळ आल्या, काड्यांना कपाळ लावून पाहिलं, पण उजेडातून त्यांना बाहेरचं काही दिसेना. त्यांनी चिकेची कड उचलली. सगळं गाव त्यांच्याकडे पाहत होतं. कड हातातून सुटली, आणि फेटा तसाच डोक्यावर ठेवून त्या आत निघून गेल्या.

वामनराव उशिरा आला तो रस्त्यातच सगळं ऐकून. तरातरा जाऊन तो चिकेच्या सुतळ्या सोडायला लागला. "सांगत होतो मी. गावभर तमाशा झाला मायचा."

"हात नको लावू," पुंजाजी दारातून म्हणाले. "चिक राह्यली का गेली, थे तुही माय सांगीन."

पण माय काही सांगेना. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी भाकरी थापल्या, गाईचं केलं, देवपूजा केली, आणि एका शब्दानं कोणाशी बोलल्या नाहीत. कोकिळा त्यांच्या मागे मागे फिरत राहिली. दुपारी सरवरी आली आणि चुलीपाशी बसकण मारून म्हणाली, "बाई, विहिरीवर आज दुसरी गोठच नाही. बाया पुसून राह्यल्या, पुन्यांदा कवा हाय. माहे मालकबी पुसून राह्यले."

सुभद्राबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. सरवरी गेल्यावर त्यांनी कोकिळेकडे पाहिलं.

"लोक हासले?"

"हासले, आत्याबाई."

"पयले कोन हासलं?"

"मामाजी."

"खरं सांग."

"खरंच. मी बाजूलेच उभी होती. रेवडी खाल्ली तुमी, तवा. डोळे पुसत होते."

सुभद्राबाईंनी तवा उतरवला, हात पुसले, आणि भिंतीला टेकून बसल्या. "चाळीस वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "या मानसाले पोट धरून हासताना म्या पाह्यलं नाई. पोरगं झालं तवा बी नाई. अन् हासला तवा मी आतमधी होती. काड्याच्या अल्याड. मले दिसलंच नाई."

कोकिळेला एवढा वेळ वाटत होतं, त्या लाजेनं गप्प आहेत. ती त्यांच्याजवळ बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक विचार आला, तो इतका जोरात आला की ती अर्धवट उठलीच.

"आत्याबाई, कोजागिरीले चांदणं असते."

"मंग?"

"पुन्यांदा सोंग करा. बाहेर उजेड राहीन. चिक गुंडाळून वर बांधू. अन् पडदा चिकेच्या खिडकीवर आनू. तयारी होईस्तोवर पडदा लावलेला. झाली का सरकवून द्याचा. मंग थ्याईलेबी तुमी दिसान, अन् तुमालेबी थे दिसतीन."

सुभद्राबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी कडक झाला. मग एकेक करून सगळ्या सुरकुत्या जागच्या हलल्या. "पोरी, तुह्या बापानं तुले बुलढान्यात काय शिकवलं व," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी पुंजाजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ठरलं. दोन्ही खिडक्याले दोन्ही लावा. चिक बाहेरून, पडदा आतून. दिवसा चिक सोडाची, दिवे लागले का पडदा ओढाचा. कवा सरकवाचा, थे मी पाहीन."

पुंजाजींनी मान हलवली. वामनरावला दुसऱ्या पडद्याचं कापड आणायला सांगावं लागलं नाही, तो निघालाच होता. आपलं छीट राहिलं याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

कोजागिरीच्या संध्याकाळी दूध आटत असतानाच रस्त्यावर पोती आणि घोंगड्या पसरायला सुरुवात झाली. शकूर टांगेवाल्यानं घोडा सोडून टांगाच आडवा लावला आणि त्यावर म्हाताऱ्यांना बसवलं. चंद्र वर आला तेव्हा अख्खा रस्ता दुधासारखा उजळला. अगदी समोर एक बाज टाकली होती आणि तिच्यावर पुंजाजी एकटेच बसले होते, नवं धोतर नेसून, जणू लग्नाला आले आहेत.

आत कोकिळा पडद्याच्या फटीतून हे सगळं पाहत होती. सुभद्राबाईंनी फेटा बांधून घेतला, काठी घेतली, आणि आपलं जुनं हिरवं लुगडं कोकिळेच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"नेस. एकट्या पुंजाजीचं सोंग किती येळ चालीन? सुभद्राबाई पायजे नं घरात. थे तू."

"मी? मले नाई येत, आत्याबाई."

"दोन वर्सं झाले, तू मले पाहून राह्यली. येते तुले."

बाया आजूबाजूला कुजबुजत होत्या. सरवरीनं तिच्या पाठीशी उभं राहून तिचं लुगडं चापूनचोपून नेसवलं आणि कुंकू मोठं केलं. कोकिळेनं डोळे मिटले. सासूबाई कशा उभ्या राहतात? एक हात कमरेवर, मान जरा डावीकडे, ओठ मिटलेले, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी दडवलेलं. तिनं तसं केलं. बायांतून दबलेला हुंकार आला.

सुभद्राबाईंनी पडद्याला हात घातला. पितळी कड्या सळईवरून खळखळत गेल्या.

थंड हवा तोंडावर आली. समोर एवढी तोंडं, सगळी चांदण्यात स्वच्छ, आणि कोणीही जमिनीकडे पाहत नव्हतं, कोकिळासुद्धा नाही. तिनं कमरेवर हात ठेवला आणि सासूच्या आवाजात म्हणाली, "आज शिरा केला हाय. दाढ दुखते म्हनून तुमाले वाढत नाई."

सुभद्राबाईंनी पुंजाजींसारखं तोंड फिरवलं आणि शिऱ्याच्या वाटीकडे तिरक्या डोळ्यानं पाहिलं. बाजेवरून तो गंजलेला आवाज आला. मग वाढला. पुंजाजी काठी टाकून दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते, मान मागे टाकून, तोंडातली एका पडलेल्या दाढेची मोकळी जागा सुद्धा चंद्राच्या उजेडात दिसत होती.

सुभद्राबाई पुढचं बोलणं विसरल्या. फेटा जरा वाकडा, काठी हातात, त्या नुसत्या पाहत उभ्या होत्या. रस्ता वाट पाहत होता. मग कोकिळेनं वाटी उचलली, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, आणि पुढचं सगळं स्वतःच्या मनानं बोलायला सुरुवात केली.